वाऱ्यावरची बेबी

आमची बेबी वाऱ्यानं उडून दरीत गेली नव्हती, हे मी आता शेवटचं सांगते. यापुढे बाजारात, नळावर किंवा एसटीच्या रांगेत कुणी माझा हात धरून "कसं गो सोसलंस?" असं विचारलं, तर मी उत्तर देणार नाही. बेबी त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या कडेवर होती. आता, ती कडेवर असताना मी "बेबी! बेबी!" करत दरीच्या दिशेनं का धावले, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. फार नाही, एका पत्रापर्यंत.

आमचे हे सैन्यात नायक आहेत आणि तेव्हा अरुणाचलात होते. बेबी झाली तेव्हाही तिकडेच. रजा दोनदा मंजूर झाली आणि दोनदा रद्द झाली. "नाव मी आल्यावरच ठेवू," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि सैनिकाचा शब्द म्हणून तो आम्ही पाळत बसलो होतो. त्यामुळे नऊ महिन्यांची झाली तरी ती आपली 'बेबी'. सासूबाईंची बेबी, शेजारच्या चंपाबाईंची बेबी, दवाखान्याच्या कार्डावर बेबी, जन्मनोंदीतही बेबी. उज्ज्वला हे नाव तिला पुढं मिळालं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी महाडला माहेरी असताना बाळाचा एक फोटो काढून तिकडे पाठवला होता. फोटोग्राफरनं डोळ्यांसमोर फ्लॅश उडवला, बेबीनं डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि मी वारा लागू नये म्हणून बांधलेलं लोकरीचं टोपरं भुवयांच्या खाली घसरलं. यांचं उत्तर आलं : "फोटो मिळाला. टोपरं छान आहे. आत कोण आहे ते कळलं नाही. बाळाला उघड्यावर नेऊन फोटो काढ. डोळे दिसले पाहिजेत. मागे आपल्या कापडे गावाच्या वरच्या वळणावरून दिसतो तो डोंगर आला तर फार बरं. इथं सगळे आपापले डोंगर दाखवतात."

हे पत्र वाचून सासूबाईंनी बेबीला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "बाप हाय तो. पोरीचं डोळं बघूंदे त्याला."

योग असा, की यांच्याच पलटणीतला नात्याचा एक जवान सुट्टीवर आला होता. नात्याचा म्हणजे नाते गावचा. नात्यानं आमचा तो कुणीच लागत नाही. सोमवारी सकाळी तो परत निघणार होता. पोस्टानं फोटो दुमडतो, महिना लागतो. जवानानं नेला तर छातीच्या खिशातून सरळ पोचतो. म्हणजे सोमवारच्या आत फोटो हवा, डोळ्यांसकट आणि डोंगरासकट. ही झाली गुरुवारची गोष्ट.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे आणि बेबीची एक वही ठेवते. तीत ताप, शी, दूध आणि शिंका यांची रोजची नोंद असते. 'शिंका : सकाळी दोन, दुपारी एक (मिरची परतली).' चंपाबाई या वहीला हसतात. हसोत. उघड्यावर, तेही घाटात, तेही शिमगा उलटल्यावरच्या वाऱ्यात बेबीला न्यायचं म्हटल्यावर त्या रात्री वहीत मी फक्त एक शब्द लिहिला : 'कान.' वारा कानातूनच आत जातो, हे कुणाला पटो न पटो.

आमच्या पोलादपुरात फोटो काढायचा म्हणजे मुरारीकडेच. एसटी स्टँडासमोर चहाच्या हॉटेलला लागून त्याची खोली आहे. मुरारी अकरा वर्षं मुंबईत एका सिनेमाच्या स्टुडिओत लाइटमन होता. कॅमेऱ्याला तिथं त्याला कुणी हात लावू दिला नाही, त्याचा सूड तो आता पोलादपुरावर उगवतो. सासूबाई आणि मी बेबीला घेऊन त्याच्याकडे गेलो.

"वहिनी, उन्हाचं काय असतं," मुरारी म्हणाला, "ऊन वरनं आलं का डोळ्यांच्या खाली काळं पडतं. चांगला माणूस डाकू दिसतो. म्हणून पब्लिकची पाठ उन्हाकडं करायची आणि समोरून बेबी मारायची."

मी बेबीला छातीशी घट्ट धरलं. "बेबी मारायची?"

"एकदम हळू. डायरेक तोंडावर. लहान पोरांना मी मम्मी मारत नाय, डोळे दिपतात. बेबी बस झाली."

सासूबाईंनी पायानं चप्पल चाचपली.

"ही बेबी नवीन हाय," मुरारी आपल्याच नादात सांगत होता, "सोमवारीच चिकटवली. आता उन्हात उलटी टांगून ठेवलीय. कडक झाली का टेन्शन नाय."

"मुरारी," सासूबाई म्हणाल्या, "तुज्या आयशीला मी वळखते हां."

तेव्हा कुठं त्यानं मागच्या दारातून दोन वस्तू आणून दाखवल्या. एक दाराएवढी प्लायवूडची फळी, तिला चंदेरी कागद चिकटवलेला. ती मम्मी. दुसरी हातभर थर्माकोलची, तशीच चंदेरी. ती बेबी. उन्हात धरली की उजेड उलटा फिरून समोरच्याच्या तोंडावर पडतो. त्याच्या स्टुडिओतले लाइटवाले म्हणे असंच बोलायचे. त्यानं बेबी तिरपी केली आणि उन्हाचा एक कवडसा आमच्या बेबीच्या गालावर येऊन बसला. बेबीनं तो पकडायला हात उचलला आणि खुदकन हसली. दोन दात, आणि डोळ्यांत दोन चांदण्या. सासूबाईंनी चप्पल सोडली. शनिवार ठरला.

हे सगळं मला ठाऊक होतं, हे लक्षात असू द्या. मी काही अडाणी नव्हते. मम्मी म्हणजे प्लायवूड आणि बेबी म्हणजे थर्माकोल, हे मला शनिवारच्या दोन दिवस आधी समजावून सांगितलेलं होतं.

आमच्या आळीत एखादी गोष्ट ठरली की ती आपली राहत नाही. संध्याकाळी तांबे मास्तर आले. "जयभीम," म्हणून ओट्यावर बसले आणि त्यांनी वाऱ्याचं शास्त्र सांगितलं. मास्तरांनी तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. "उन्हं तापली की खालची हवा घाट चढू लागते. दहानंतर त्या वळणावर उभं राहवत नाही. सात वाजताची गाडी पकडा, आठच्या आत उरका. आणि मला बरोबर न्या."

मागोमाग आलेल्या मुरारीला बेबीच्या डोक्यावर चादर धरायची होती. सासूबाईंचं म्हणणं, बेबीवर उन्हाची तिरीप नको तर डोक्यावर मच्छरदाणी धरा. चादर धराल तर वारा तिला ओढील, मच्छरदाणीतून तो निघून जाईल. "काकी," मुरारी कनवाळूपणे म्हणाला, "शूटिंगला मच्छरदाणी नसते." चादरच ठरली. माझ्या लग्नातली, पांढरी, अजून घडी न मोडलेली.

चंपाबाईंनी शास्त्र वगैरे काही सांगितलं नाही. त्या शनिवारी सकाळी साडेसहाला आल्या आणि "एवढ्या मोठ्या फोटोला एवढीशी तीट?" असं म्हणून त्यांनी बेबीच्या गालावर काजळाचा रुपयाएवढा ठिपका लावला. बेबीनं तो दोन्ही हातांनी तोंडभर पसरला. मग डोळ्यांत गेला म्हणून ती रडली, मग तिला अंघोळ घातली, मग अंघोळीनंतर झोप लागली. झोपलेल्या मुलाला उठवू नये, हे वहीच्या पहिल्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. सातची गाडी गेली. साडेआठचीही गेली. दहाच्या गाडीत आम्ही चढलो तेव्हा तांबे मास्तर घड्याळाकडे अशा नजरेनं बघत होते, जशी ते नापास मुलाच्या उत्तरपत्रिकेकडे बघत असतील.

गाडीत कंडक्टरनं विचारलं, "किती?"

"चार फुल," मुरारी म्हणाला, "मी मागल्या दारात हाय तो पाचवा. एक मम्मीचं लगेज लावा. बेबी फ्री ना?"

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, कडेवरच्या बेबीकडे पाहिलं. "मम्मीला लगेज कशाला? तिला बसायला जागा हाय की."

हा माझ्या प्रतिष्ठेला बसलेला त्या दिवसाचा पहिला धक्का. पुढचे मोजायचे मी सोडून दिले.

कापड्याच्या वर, घाट सुरू होतो त्या वळणावर आम्ही उतरलो. डोंगर खरोखरच देखणा दिसत होता. एका बाजूला कठडा, कठड्याखाली उतार, उताराखाली भाताची रिकामी खाचरं. आणि वारा. मास्तरांनी सांगितला होता तसाच, अकराला पाच मिनिटं असताना हजर. माझा पदर उतरल्याबरोबर चंपाबाईंच्या तोंडावर गेला.

मुरारीनं कॅमेरा तिवईवर ठेवला, तिवईच्या मध्यात दगडांची पिशवी टांगली. ही अक्कल त्याला होती, एवढं मी मान्य करते. मम्मीला मैलाच्या दगडाशी टेकवून समोर धोंडे रचले. चादरीची दोन टोकं दोन बांबूंना बांधली. एक बांबू मास्तरांच्या हातात, दुसरा चंपाबाईंच्या. चादर बेबीच्या डोक्यावर धरायची, म्हणजे ऊन गाळून खाली येईल.

ऊन गाळायच्या आत वाऱ्यानं चादर फुगवली. चंपाबाई अंगानं भक्कम आहेत, त्यांनी बांबू सरळ सोडून दिला. मास्तर अंगानं भक्कम नाहीत आणि हातात घेतलेलं सोडायची त्यांना सवय नाही. चादर पुढं आणि मास्तर मागं, असे ते महाबळेश्वरच्या दिशेनं निघाले. पायांची गती त्यांच्या ताब्यात होती असं वाटत नव्हतं. "मास्तर, सोडा!" आम्ही ओरडलो. "सोडतो कसा! लग्नातली आहे!" असं उत्तर वाऱ्याबरोबर आलं. करवंदीच्या जाळीनं त्यांना थांबवलं.

मग मुरारीनं छत्री काढली. काळी, आतून चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद लावलेली. ती उघडली आणि दुसऱ्या क्षणी उलटी झाली. कमळासारखी, काड्या आकाशाकडे.

"मच्छरदाणी आणा म्हनत हुते," सासूबाई म्हणाल्या.

मुरारीनं छत्री सरळ करायचा नाद सोडला. मग त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या लग्नातल्या चादरीला सहा चिरा मारल्या. "वहिनी, वाऱ्याला वाट दिली का तो भांडत नाय," तो म्हणाला. सांगायला जिवावर येतं, पण चादर गप्प झाली. वारा चिरांतून निघून जाऊ लागला आणि बेबीच्या डोक्यावर दुधासारखा उजेड उतरला.

"ते मच्छरदाणीच झालं की," सासूबाई म्हणाल्या.

आता उरली बेबी. म्हणजे थर्माकोलची. ती सासूबाईंच्या हातात दिली होती. तिला भोक पाडून सुतळी ओवलेली होती आणि सुतळीचं दुसरं टोक मुरारीनं सासूबाईंच्या मनगटाला बांधलं होतं. त्यानं तीनदा बजावलं होतं, "काकी, ही सुतळी सोडायची नाय."

इथं मला एक कबुली द्यायची आहे. आजवर ती मी आमच्या घराबाहेर दिलेली नाही. बेबीचं टोपरं वाऱ्यानं सारखं मागं जात होतं आणि तिचे कान उघडे पडत होते. टोपऱ्याची नाडी तुटली होती. मी सासूबाईंना हळूच म्हणाले, "आई, ती सुतळी जरा देता? तिचे कान..."

नातीच्या कानापुढं मुरारीची सुतळी म्हणजे काय! सासूबाईंनी दातांनी गाठ सोडली, थर्माकोलातून सुतळी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. मी टोपरं हनुवटीखाली करकचून बांधलं. ज्या टोपऱ्यापायी हा सगळा घाट घातला होता, त्याच टोपऱ्याला.

मुरारीनं हे पाहिलं नाही. तो काळ्या कापडात डोकं घालून हुकूम सोडत होता.

"बेबी वर घ्या!"

मी बेबीला वर उचललं.

"वहिनी तुम्ही नाय! काकी! बेबी वर! अजून! आता तिरपी करा!"

मी बेबी तिरपी केली. काय करणार? आई माणूस. 'बेबी' ऐकलं की हात आपोआप चालतो.

"वहिनी, तुमची बेबी सरळ ठेवा! काकी, तुमची तिरपी! जरा तोंड खाली! बेबीचं तोंड खाली!"

"तोंड खाली केलं का गुदमरंल ती," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी थर्माकोल मायेनं छातीशी धरला.

"वहिनी, ते टोपरं काढा आधी!"

मी टोपरं काढलं. आता सांगण्यात अर्थ नाही, पण काढलं. तेवढ्यात सासूबाईंनी बेबी नीट तिरपी केली आणि उजेड बेबीच्या तोंडावर आला. डोळे उघडले, समोर चांदी पाहून ते चमकले, मागं डोंगर. मुरारीनं श्वास रोखला. आम्ही सगळ्यांनीच रोखला. खालून आलेल्या वाऱ्यानं मात्र रोखला नाही.

"बेबी उडाली!" मुरारी किंचाळला. "काकी! बेबी उडाली दरीत!"

आता माझं उत्तर. आईचे हात भरलेले असले तरी कान मोकळे असतात. कानांनी ऐकलं, 'बेबी उडाली दरीत,' आणि पायांनी हातांना न विचारता धाव घेतली. मी कठड्याशी पोचले, खाली वाकले आणि बेंबीच्या देठापासून "बेबीऽऽ" अशी हाक मारली. कडेवरच्या बेबीला ती फार आवडली. ती आकाशाकडे बोट करून खदखदून हसत होती, कारण वर चंदेरी काहीतरी लुकलुकत भिरभिरत निघालं होतं.

सासूबाई कपाळावर हात मारून रस्त्यातच बसल्या. "माज्या हातनं सुटली गो! माज्याच हातनं सुटली!"

आणि नेमक्या याच वेळी महाबळेश्वरहून खाली येणारी एसटी वळणावर आली.

गाडीतल्या लोकांना काय दिसलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. एक तरुण बाई दरीत वाकून 'बेबी' म्हणून टाहो फोडते आहे. एक म्हातारी रस्त्यात बसून 'माझ्या हातून सुटली' म्हणते आहे. एक म्हातारा फाटक्या चादरीत गुंडाळलेला आहे. मी त्यांना दोष देत नाही. कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, "काय झालं हो?" आणि चंपाबाईंनी, ज्यांना आयुष्यात कधी थोडक्यात बोलता आलं नाही, त्यांनी त्या दिवशी यांचं नाव घेऊन नेमकं थोडक्यात सांगितलं : "काशीरामची बेबी उडाली!"

गाडी सुसाट खाली गेली. "काशीरामला कळवलं पाहिजे," असं काहीतरी पुटपुटत तांबे मास्तरही तिच्यातच चढले होते. धक्का त्यांनाही बसला होता. चादरीतून डोकं बाहेर काढलं तेव्हा त्यांना आमच्या पाठीच दिसल्या होत्या.

अर्ध्या तासात कापड्याची वीस-पंचवीस माणसं दोर, काठ्या आणि एक खाट घेऊन वर आली. त्यांच्या मागून एका ट्रकमधून सकपाळ हवालदार उतरले.

"कुणाची बेबी?" त्यांनी मृदू आवाजात विचारलं.

"माझी," मी म्हणाले.

"माझी," मुरारी म्हणाला.

हवालदारांनी आम्हा दोघांकडे पाळीपाळीनं पाहिलं. सासूबाई ताडकन उठल्या. "मुरारी, तोंड सांभाळ!"

"वय?" हवालदारांनी वही उघडली.

"नऊ महिने," मी.

"पाच दिवस," मुरारी. "सोमवारी चिकटवली."

"अंगावर काय होतं?"

"चंदेरी कागद."

"आणि ही कडेवर कोण?"

"बेबी," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

हवालदारांनी पेनाला टोपण लावलं आणि ते मैलाच्या दगडावर बसले. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी बेबीचा पाय ओढून पाहिला, ती आहे याची खात्री केली आणि उसासा टाकला. "बाई, घोळ झाला. कंडक्टरनं चौकीत सांगितलं तसं मी बुकात लिहून आलो. 'नायक काशीराम सोमा हाटे यांची बेबी वाऱ्याने दरीत उडाली.' शाईनं. बुकाची पानं मोजलेली असतात. खोडता येत नाही."

"मग?"

"मग काय, बेबी सापडली की सापडली म्हणून खाली लिहायचं. ज्याची बेबी त्याची सही घ्यायची."

"मी करते सही. बेबी इथंच आहे."

"बुकात नाव तुमचं नाही, बाई. काशीरामचं आहे. तो येईल तेव्हा करील."

नऊ महिने मी एकटीनं जिची शिंक न् शिंक वहीत लिहिली, ती सापडली म्हणायला माझी सही चालत नाही! राज्यशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न कधी आला नव्हता. पण त्याहून मोठी काळजी मला तिथंच आठवली. तांबे मास्तर! 'काशीरामला कळवलं पाहिजे!'

मी मिळेल त्या टेम्पोनं पोलादपूर गाठलं, बेबीसकट, टोपऱ्याशिवाय. मास्तरांनी तार केली असणार. अरुणाचलात, बर्फात, एकटा माणूस 'बेबी उडाली' अशी तार वाचणार. तारेच्या खिडकीशी जाऊन मी एका दमात सांगितलं, "अर्जंट. 'बेबी फाउंड. डोन्ट वरी.'"

तारबाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी हरवल्याची तार गेलीय का?"

"कुणीतरी केली असेलच. तुम्ही ही आधी सोडा. तिच्या पुढं गेली पाहिजे."

तार गेली. मग मी मास्तरांच्या घरी धावले. मास्तर टेबलाशी बसले होते, समोर आंतर्देशीय पत्र, दोन ओळी लिहिलेल्या.

"मास्तर, तार कधी केलीत?"

"तार?" मास्तर दचकले. "तारेत शुद्धलेखन राहत नाही. मी पत्र लिहितोय. 'अकस्मात' लिहून झालंय, पुढं शब्द सुचेना." मग त्यांनी माझ्या कडेवर पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बराच वेळ बसले.

म्हणजे हरवल्याची तार कुणीच केली नव्हती. सापडल्याची मात्र गेली होती, अर्जंट.

रविवारी मुरारीनं रोल धुतला. बारापैकी सहा फोटो आकाशाचे, दोन मास्तरांच्या धोतराचे, दोन काहीच नसलेले, एकात उलटी छत्री. बाराव्यात, थर्माकोल उडाला तेव्हा, मी कठड्याकडे वळायच्या आत मुरारीच्या हातून बटण दाबलं गेलं होतं, त्यात बेबी. टोपरं नाही. आकाशाकडे बघून हसते आहे, दोन दात, आणि दोन्ही डोळ्यांत चांदणी. शेजारी मी. तोंड इतकं उघडं, की पडजीभ मोजता यावी. डोंगर माझ्या तोंडामागं गेला होता. मी कात्री घेतली आणि स्वतःला कापायला निघाले, पण सासूबाईंनी हात धरला. "र्‍हाऊंदे. त्येला बायकोबी बघायची असंल." सोमवारी सकाळी फोटो नात्याच्या जवानाच्या खिशातून अरुणाचलाला गेला.

मंगळवारी थर्माकोल सापडला. कापड्याच्या जानकीबाईंच्या खाचरात अलगद उतरला होता आणि त्यांनी त्याच्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. 'बेबी' शोधतायत म्हटल्यावर त्यांनी तो प्रामाणिकपणे चौकीत जमा केला. मुरारी आणायला गेला, तर हवालदार म्हणाले, "ज्याची बेबी त्याची सही." बेबी कपाटात गेली. मुरारीनं त्यानंतर आठ-दहा दिवस लग्नांतही नुसती मम्मी मारली आणि नवऱ्यामुलींचे डोळे मिटलेले आले.

तारेनंतर बारा दिवसांनी, दुपारी, मी ओट्यावर बेबीला भरवत होते. महाडची गाडी आली आणि स्टँडाकडून एक हिरवी ट्रंक आमच्या आळीत शिरली. ट्रंकेखाली हे होते.

मी वाटी ठेवली की पाडली, आठवत नाही. यांनी ट्रंक खाली ठेवली आणि पहिलं वाक्य काय म्हणाले? "किती आहेत?"

"काय किती?"

"बेबी!" त्यांनी खिशातून तार काढली. "'बेबी फाउंड.' सापडली म्हणजे? आपली हरवल्याचं कुणी कळवलं नव्हतं. सगळी बराक विचारते, हाटे, कुणाची सापडली? शेवटी साहेबांपुढं नेलं. साहेबांनी तार दोनदा वाचली आणि म्हणाले, 'जवान, दहा दिवस घरी जा आणि एकूण किती आहेत ते नीट मोजून ये.'"

दोनदा मंजूर होऊन दोनदा रद्द झालेली रजा, ती अशी निघाली. आमचा फोटो तेव्हा त्यांच्या रिकाम्या खाटेवर नुकताच पोचला असेल.

बेबीनं त्यांच्याकडे पाहिलं. मिश्या पाहिल्या. आणि आळीला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं. यांनी हात पुढं केले तशी माझ्या मानेला चिकटली. नऊ महिने वाट पाहिलेला माणूस अंगणात हात पसरून उभा, आणि मला काय करावं सुचेना. चंपाबाई आल्या, मास्तर आले, मुरारी आला. सासूबाई दारातून नुसत्या बघत राहिल्या. बेबी सगळ्यांकडे जात होती, यांच्याकडे सोडून.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. काशीराम आल्याचं स्टँडावर कळलं असावं. सकपाळ हवालदार, एका काखेत बुक, दुसऱ्या काखेत थर्माकोल.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "तेवढी एक सही राहिलीय. बुक अडलंय." आणि त्यांनी बुक उघडायला थर्माकोल ओट्यावर उभा केला.

ऊन उतरतीचं होतं. ते चंदेरी कागदावर पडलं आणि उलटं फिरून यांच्या तोंडावर आलं. मिश्या, गाल, डोळे, सगळं एकदम उजळलं. यांनी डोळे मिचकावले. बेबीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. तिनं तो उजेड ओळखला. तो पकडायला तिनं हात पुढं केला, आणि तो उजेड यांच्या गालावर असल्यामुळे हात तिथंच पडला. मग दुसरा हात. मग मिशी. मग ती माझ्या कडेवरून त्यांच्या कडेवर कधी गेली, हे वहीत लिहायचं राहिलं.

"कोणी हलू नका," मुरारी कुजबुजला, "मी कॅमेरा आणतो."

"नको!" आम्ही सगळे ओरडलो.

"हं, लिहा," हवालदारांनी पेन पुढं केलं. "बेबी मिळाली, एवढं. खाली सही, हुद्दा, तारीख."

यांनी डाव्या हातानं बेबीला धरलं, तिनं डाव्या मिशीला धरलं, आणि उजव्या हातानं त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं : 'बेबी मिळाली. सुस्थितीत आहे. तक्रार नाही.'

हवालदारांनी वाचलं, मान डोलावली आणि बुक मिटलं. सही करताना यांनी थर्माकोलकडे एकदाही पाहिलं नव्हतं.